सूर्यकेतू मित्रमंडळ, मूर्तिजापूर

गजेंद्रचं फुलांचं दुकान मूर्तिजापूरच्या स्टँडजवळ आहे. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, वर ताडपत्री, आणि फुलं ताजी राहावीत म्हणून ओलं केलेलं गोणपाट. झेंडू, शेवंती घरच्याच वावरातली. आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं. पण गावात त्याला फूलवाला म्हणून कोणी ओळखत नव्हतं. त्याला सगळे सूर्यकेतूवाला गजू म्हणायचे.

सूर्यकेतू हा एका सिनेमाचा नायक. सिनेमा मूळचा दक्षिणेतला, आपल्याकडे हिंदीत आला. पहिल्या भागात तो एका नावाड्याचा मुलगा असतो. पलीकडच्या काठावर राजाचा घाट असतो आणि तिथं नावाड्यांनी उतरायचं नाही असा हुकूम असतो. हा पोरगा एक दिवस भर दुपारी त्याच घाटाला नाव लावतो आणि आपल्या म्हाताऱ्या बापाला हात धरून पायऱ्या चढवतो. त्या एका प्रसंगावर गावातलं टॉकीज शिट्ट्यांनी दणाणून जायचं. गजेंद्र तेव्हा विशीतला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर धर्मपाल असायचा. धर्मपाल विहाराजवळच्या वस्तीतला, दहावीपर्यंत एका बाकावरचा, पुढं फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलेला. दोघांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांनाही नव्हता.

मित्रमंडळ निघालं ते या दोघांच्या डोक्यातून. दुसरा भाग लागला तेव्हा धर्मपालनं टॉकीजएवढा उंच सूर्यकेतू छापला आणि गजेंद्रनं त्याला पायापर्यंत झेंडूचा हार केला. पोरं नाचली, फटाके फुटले. एवढ्यावरच ते थांबलं असतं तर या माणसाची गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती. पण त्याच वर्षी गजेंद्रच्या वडिलांचं अकोल्याला ऑपरेशन झालं, रक्त कमी पडलं, आणि टॉकीजच्या रांगेत ओळख झालेली पोरं मोटारसायकलींवर बसून दवाखान्यात हजर झाली. त्यात कोण कुठल्या जातीचं, कुठल्या झेंड्याचं, कोणी विचारलं नाही. वडील वाचले. तेव्हापासून मंडळानं रक्ताचं काम धरलं.

हळूहळू बडनेरा, चांदूर रेल्वे, तिवसा, अकोला इथली पोरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. ग्रुपचा अ‍ॅडमिन गजेंद्र. कोणाचा कोणता रक्तगट हे त्याला तोंडपाठ असायचं. दवाखान्यातून फोन आला की हार ओवता ओवता तो दुसऱ्या हातानं मोबाइल लावायचा, आणि कोणी ना कोणी निघायचं.

त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस ललित. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घरी कापसाचं वावर, बोलायला गोड आणि जरा मानी. त्याचा रक्तगट ओ निगेटिव्ह. असा माणूस मिळणं किती कठीण, हे ज्याच्या घरचं कोणी खाटेवर पडलं असेल त्यालाच कळेल. एकदा तो जेवणाच्या ताटावरून उठून अकोल्याला गेला होता, कधी न पाहिलेल्या एका बाईसाठी. मंडळात त्याचा थाट वेगळा होता आणि त्यात वावगं काही नव्हतं.

मग तिसरा भाग आला. तोवर गावातलं टॉकीज बंद पडलं होतं, म्हणून दोन गाड्या करून सगळे अकोल्याला गेले. मध्यंतरानंतर पडद्यावर एक म्हातारी दासी येते आणि सांगते, की सूर्यकेतू नावाड्याचा मुलगा नाहीच. तो राजाचा हरवलेला मुलगा. शेवटी त्याला मुकुट घालतात आणि सगळे नावाडी घाटाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसतात. त्यात त्याला वाढवणारा तो म्हातारा बापही असतो.

परतताना बोरगाव मंजूला गाड्या चहासाठी थांबल्या.

"मंजे शेवटी राजाचाच पोट्टा निघाला," धर्मपाल म्हणाला.

"मंग काय झालं?" ललित म्हणाला. "राजाचं रक्त होतं म्हनून तं लढला. नाई तं नावाड्याच्या पोट्ट्याले कुठून येते एवढी हिंमत?"

"पहिल्या भागात आली ना. तवा कोनाचं रक्त होतं?"

"तवा आपल्याले मालूम नोतं."

"मालूम नोतं तवाच बरं होतं," धर्मपाल म्हणाला आणि उरलेला चहा त्यानं मातीत ओतला.

गजेंद्र हसला. त्याला वाटलं, सिनेमावरून चाललेली नेहमीची चिडवाचिडवी आहे. गाडीत मात्र धर्मपाल मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला.

पुढचे काही महिने ग्रुपवर तोच विषय. आधी सिनेमावर बोलणं चालायचं, मग त्यात आरक्षण आलं, मग इतिहास आला, मग नगरपरिषदेची निवडणूक आली. एका उमेदवारानं मुकुटातल्या सूर्यकेतूशेजारी आपला हात जोडलेला फोटो लावायचं ठरवलं आणि काम धर्मपालकडे पाठवलं. धर्मपाल म्हणाला, नावेतला फोटो छापून देतो, मुकुटातला नाही. ते फ्लेक्स मग अकोल्याहून छापून आले आणि ललितनं पोरं घेऊन ते चौकाचौकात बांधले. दुसऱ्या उमेदवाराच्या लोकांनी लगेच नावेतला सूर्यकेतू उचलला. कोणाच्या मोबाइलवर कोणता फोटो आहे, यावरून माणूस कुठला ते कळायला लागलं. एकाच टपरीवर चहा पिणारी पोरं दोन टपऱ्यांवर बसायला लागली.

गजेंद्रनं ग्रुपवर लिहिलं, की इथं राजकारण नको, फक्त सिनेमाचं बोला.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल दुकानावर आला. "गजू, मी सिनेमाचंच बोलून राहिलो."

"हाव, पन त्याच्यातून दुसरंच निघते ना बे."

"मी काय करू मंग? माह्या डोयाले त्या पायऱ्यांवर माहा बाप बसलेला दिसला. ते बोलू नोको काय?"

गजेंद्रनं त्याला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, आणि जाऊ दे म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की जाऊ दे म्हटलं की जातं.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात ललितनं ग्रुपवर लिहिलं, "तुमच्या लोकांले फुकट घ्याची सवय लागली, म्हनून राजा खुपते." शंभरेक माणसांच्या ग्रुपमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. बऱ्याच वेळानं धर्मपालचं उत्तर आलं, "आन तुमाले राजाच्या पायाजवळ बसाची सवय लागली, म्हनून गोड लागते." त्यावर मात्र ग्रुप पेटला. आईबहिणींपर्यंत गेला. संध्याकाळी गजेंद्रनं दोघांनाही ग्रुपमधून काढलं. दोघांना सारखं. त्याला तो न्याय वाटला.

त्याची बायको आकांक्षा भाकरी थापत होती. तिला त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कायले काहाडलं? भांडत होते तोवर बोलत तं होते."

"तुले नाई समजत ते," गजेंद्र म्हणाला.

ललितनं आठवड्याभरात आपला ग्रुप काढला, मुकुटाच्या चित्राचा. नावेवाल्यांचाही एक निघाला. जुन्या ग्रुपवर उरले ते सकाळी फुलांचे फोटो पाठवणारे. दवाखान्यांचे फोन यायचे, गजेंद्र निरोप टाकायचा, खाली दोन जोडलेले हात यायचे आणि पुढं काही नाही. धर्मपालनं दुकानावर येणं सोडलं. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा.

धर्मपालला एक धाकटी बहीण होती, अपेक्षा. मंडळाच्या पहिल्या रक्तदान शिबिराला कॉलेजातली ही पोरगी दिवसभर बिस्किटं वाटत उभी होती. सुई पाहून घाबरणाऱ्या पोरांना दटावायची. ललितलाही तिनं दटावलं होतं, आणि तो ते हसत हसत सगळ्यांना सांगायचा. पुढं तिचं तिवश्याच्या मनोजशी लग्न झालं. तो शाळेत शिक्षक. निवडणूक होऊन काही महिने लोटले तेव्हा ती बाळंतपणासाठी अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात होती.

त्या सकाळी गजेंद्रच्या मोबाइलवर धर्मपालचं नाव दिसलं. इतक्या दिवसांनी त्याचा फोन पाहून त्याला आधी आनंदच झाला.

"गजू, अपेक्षाले रक्त पायजे. ओ निगेटिव्ह," धर्मपाल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पोरगी झाली. पन हिचं थांबून नाई राहिलं. दवाखान्यात होतं ते चढवलं. बाकी कोठीच भेटून नाई राहिलं."

"मी पाहतो," गजेंद्र म्हणाला. दुकान तसंच टाकून त्यानं मोटारसायकल काढली.

ललित दुकानात होता. समोरच्या बाकावर त्याच्या ग्रुपातली चार पोरं बसलेली. गजेंद्रनं उभ्या उभ्या सांगितलं. ललितच्या हातात उघडलेला मोबाइल होता. तो त्यानं खाली ठेवला नाही.

"मले तं काहाडलं ना तुनं ग्रुपमंदून," तो म्हणाला. "आता कसा आला?"

"अबे, अपेक्षा हाय ते."

ललितचा चेहरा बदलला. गजेंद्र आजही सांगतो, की त्या क्षणी तो उठलाच होता. तेवढ्यात बाकावरचा एक जण म्हणाला, "भाऊ, आता गरज पडली तं राजा आठवला काय?" बाकीचे हसले. ललित पुन्हा खुर्चीत टेकला.

"तो बोलला होता ते सर्व्या गावानं वाचलं," तो म्हणाला. "त्यानं माफी मागाव. आमच्या ग्रुपवर. दोन वळी लिवाव फक्त. मी या पावली निंगतो."

"मंग लिहिन तो. चाल आधी."

"आधी लिवू दे."

गजेंद्रनं विनवण्या केल्या. आवाज चढवला. ललितच्या वडिलांना फोन लावला, ते वावरात होते, उचलला नाही. शेवटी त्यानं धर्मपालला फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं. पलीकडे कुठंतरी स्ट्रेचर ढकलल्याचा खडखडाट ऐकू येत होता.

"कुठी लिवू?" धर्मपालनं विचारलं.

तो त्या ग्रुपमध्ये नव्हता. ललितनं त्याला घेतलं. दवाखान्यात रेंज नव्हती, धर्मपाल रस्त्यावर उतरला, निरोप जाईना, पुन्हा पाठवला. दुकानातले सगळे मोबाइलकडे पाहत बसले होते. मग तो आला. "मी ललितची माफी मागतो. माहं चुकलं. राजा तुमचाच. लवकर ये."

ललितनं वाचलं आणि तो एकदम उठला. चपला नीट न घालताच गजेंद्रच्या मागं बसला.

साठेक किलोमीटरचा रस्ता. बडनेऱ्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. गजेंद्रनं गाडी कडेच्या मुरमात घातली. एकदा फक्त ललित म्हणाला, "जोरात घे." गजेंद्र जमेल तितक्या जोरातच चालवत होता.

रक्तपेढीत ललितला लगेच निजवलं. रक्त काढलं, तपासायला गेलं. तपासायला लागतो तेवढा वेळ लागणारच होता. गजेंद्र पावत्या घेऊन जिन्यावरून खाली-वर करत होता. पिशवी वर गेली आणि थोड्याच वेळात मनोज दाराबाहेर आला. तो भिंतीला धरून खाली बसला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

गजेंद्रनं नंतर डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या हात पुसत होत्या.

"मॅडम, आमी थोडं आधी आलो असतो तं?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच सांगू शकत नाही."

नाही असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि हो असंही नाही. गजेंद्रला त्या दिवसापासून जी झोप लागत नाही ती त्यामुळं.

त्याच वेळी मोबाइल वाजायला लागले. धर्मपालनं लिहिलेल्या त्या दोन ओळींचा फोटो काढून कोणीतरी पुढं पाठवला होता. वर मुकुटाचं चित्र, खाली हसणारे चेहरे. "अखेर मान्य केलं." तो मूर्तिजापूरभर फिरला, अकोल्याला गेला, चांदूर रेल्वेच्या ग्रुपवरून परत अमरावतीला आला. धर्मपालच्या मामेभावानं तो त्याला दाखवला तेव्हा धर्मपाल बहिणीचे कागद हातात घेऊन पोर्चमध्ये उभा होता. त्यानं पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

ललितच्याही हातात तो फोटो होता. तो एकेकाला फोन करून सांगत होता, पुसून टाका, अपेक्षा गेली. काहींनी पुसला. पण तोवर तो अशा लोकांकडे पोहोचला होता ज्यांना ललितही ठाऊक नव्हता आणि अपेक्षाही. मग तो धर्मपालसमोर जाऊन उभा राहिला.

"धर्मपाल, मी..."

"तुह्यं रक्त वाया नाई गेलं," धर्मपाल म्हणाला. "दुसऱ्या एका बाईले चढवलं म्हने." आणि तो मनोजच्या शेजारी जाऊन बसला.

अपेक्षाला तिवश्याला नेलं. ललित तिथंही आला होता, लोकांच्या मागं, लिंबाखाली उभा. कोणी त्याला हाकललं नाही आणि कोणी जवळही बोलावलं नाही. पुढं त्याचं दुकान महिनाभर बंद राहिलं. त्याच्याच ग्रुपातली पोरं म्हणायला लागली, की हा कशाला गेला होता मातीला, यानं आपली बाजू खाली पाडली. बाकावरून जो बोलला होता त्यानं नवा ग्रुप काढला. ललित दिवाळीनंतर पुण्याकडे एका कंपनीत लागला. आता गावात येतो तो आईला पाहायला, आणि दुसऱ्या गाडीनं परत जातो. त्यानं पुन्हा कधी रक्त दिल्याचं ऐकलं नाही.

गजेंद्रनं मंडळ मोडलं. एका सकाळी दुकानावर बसून त्यानं ग्रुपमधली नावं एकेक करून काढली आणि शेवटी स्वतः बाहेर पडला. दवाखान्यांचे फोन अजून येतात. तो सांगतो, की आता इथं ते काम होत नाही. काही जण पुढं विचारतात, मग कोणाला विचारायचं. ते त्याला सांगता येत नाही.

चौथा भाग यंदा आला. मुकुटवाल्यांनी वेगळी मिरवणूक काढली, नाववाल्यांनी वेगळी. दोघांनी हार गजेंद्रकडूनच नेले. आकांक्षाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, वावरात झेंडू फुलला आहे, तो काय उपटून फेकू. त्यानं हार ओवले, पाठ करून बसला, आणि मिरवणूक गेल्यावर गोणपाट पिळून वाळत घातलं. सिनेमा पाहायला तो गेला नाही.

धर्मपालचं आणि त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते पोरीमुळं. मनोजच्या आईनं पोरीला वाढवलं आहे. अपेक्षाला जाऊन वर्ष झालं, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पांढरी फुलं हवी होती, ती घेऊन गजेंद्र धर्मपालबरोबर तिवश्याला गेला. पोरगी धरून धरून चालत होती. अनोळखी माणसं पाहून ती रडायला लागली आणि आजीच्या पदरात शिरली. धर्मपाल तिच्याशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत राहिला.

परतताना अमरावतीच्या स्टँडवर दोघं मूर्तिजापूरच्या गाडीची वाट पाहत होते. इतके दिवस मनात घोळत होतं ते गजेंद्रनं तिथं काढलं.

"तुमा दोघाले काहाडाले नोको होतं मी."

"काहाडलं नसतं तरी तो तेच म्हनला असता," धर्मपाल म्हणाला. "आन मी बी तेच बोललो असतो."

"मंग?"

धर्मपाल शांतपणे म्हणाला, "तवा तुले समजत होतं, दोघांतलं कोन काय बोललं ते. माह्या लोकाईबद्दल त्यानं लिवलं ते तुनं वाचलं होतं. तुनं एक शब्द नाई काहाडला. मी उत्तर देलं तवा तुले भांडन दिसलं. आन मंग दोघाले सारखंच धरलं तुनं. ललितचं मी समजून घेतलं गजू. तुह्यं नाई घेता आलं."

गाडी लागली. लोकांनी दारात गर्दी केली. धर्मपालला मागच्या बाजूला उभं राहायला जागा मिळाली, गजेंद्रला पुढं. बडनेऱ्याला बरेच लोक उतरले आणि गजेंद्रच्या शेजारची जागा रिकामी झाली. त्यानं मागं वळून हातानं खूण केली. धर्मपालनं पाहिलं, मान हलवली, आणि दांडीला धरून तसाच उभा राहिला.